विश्लेषण : पोर्शे ९११च्या प्रत्येक पिढीचा गिअर हाताला वेगळा का लागतो? कोण होते फेरी पोर्शे?

१९६५, १९७५ आणि १९८८ सालच्या तीन पोर्शे ९११ शेजारी-शेजारी उभ्या केल्या, तर दिसायला त्या सख्ख्या बहिणी वाटतात. मात्र गिअर लिव्हरला हात लावताच फरक कळतो. पहिलीत पहिला गिअर डावीकडे मागे पडतो. दुसरीत घाई केली, तर गिअर अडतो. तिसरीत तो सहज आणि नेमका बसतो. या फरकामागे कंपनी उभी करणारे फेरी पोर्शे यांच्या आयुष्यातील काही निर्णय आहेत.

कोण होते फेरी पोर्शे?

फेरी यांचा जन्म १९ सप्टेंबर १९०९ रोजी ऑस्ट्रियातील वीनर नॉयश्टाट येथे झाला. त्यांचे वडील फर्डिनांड पोर्शे हे फोक्सवॅगन बीटलचे रचनाकार. वडिलांनी १९३१मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे अभियांत्रिकी कार्यालय सुरू केले आणि फेरीही त्यात काम करू लागले. या कार्यालयाचे एक सहसंस्थापक अडोल्फ रोझेनबर्गर ज्यू होते. नाझी राजवटीत, १९३५मध्ये, त्यांना भागीदारी सोडावी लागली आणि त्यांचा हिस्सा फेरींच्या नावावर झाला. पुढे फेरी नाझींच्या एसएस या संघटनेचे सदस्यही झाले. स्पोर्ट्स कारच्या यशकथेत ही बाजू बराच काळ झाकलेली राहिली.

वडिलांच्या सुटकेचा गिअरबॉक्सशी काय संबंध?

युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी फर्डिनांड यांना तुरुंगात टाकले. त्या वेळी पोर्शेचे कामकाज ऑस्ट्रियातील ग्म्युंड या छोट्या गावात हलवलेले होते. फेरी आणि त्यांची बहीण लुईझे पिएच यांनी ते कसेबसे चालू ठेवले. इटलीतील सिसितालिया कंपनीचे मालक पिएरो दुसिओ यांच्यासाठी ग्रां प्री शर्यतीची गाडी आखून देण्याचे काम त्यांना मिळाले. त्या मोबदल्यातून वडिलांच्या सुटकेचे पैसे भरले गेले आणि १९४७मध्ये ते बाहेर आले.

याच गाडीच्या कामातून पोर्शेचा सिंक्रोनायझर जन्मला. अभियंता लेओपोल्ड श्मिड यांनी तो विकसित केला. पुढची अनेक वर्षे पोर्शेच्या गिअरचा ‘हात’ या एका भागाने ठरवला.

सिंक्रोनायझर नेमके काय करतो?

गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे असतात. गती जुळली नाही, तर दाते घासून कर्कश आवाज येतो. म्हणूनच जुन्या ट्रकचे चालक डबल क्लच मारत. सिंक्रोनायझर हे गती जुळवण्याचे काम स्वतः करतो.

पोर्शेच्या रचनेत त्यासाठी एका ठिकाणी चिरलेले पोलादी कडे असते. गिअर टाकताना त्यावर घर्षण होते आणि ते फाकून वाट अडवते. दोन्ही भागांची गती सारखी झाली की ते आवळते आणि गिअर आत सरकतो. त्यामुळे हाताला आधी मऊ अडथळा आणि मग लोण्यात सुरी गेल्यासारखी सहजता जाणवते. मात्र, त्यासाठी कड्याला क्षणभर वेळ द्यावा लागतो.

३५६पासून काय बदलले?

पोर्शे नावाची पहिली स्पोर्ट्स कार, ३५६, जून १९४८मध्ये ग्म्युंड येथे रस्त्यावर आली. सुरुवातीच्या ३५६मध्ये फोक्सवॅगनचा सिंक्रोनायझर नसलेला गिअरबॉक्स होता. १९५१मध्ये वडिलांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी ३५६ला पोर्शेचा स्वतःचा, चारही गिअर सिंक्रोनाइझ असलेला गिअरबॉक्स मिळाला. डबल क्लचची गरज संपली. ही रचना अल्फा रोमिओ आणि फेरारी यांनीही वापरली. ३५६चे उत्पादन १९६५पर्यंत चालले आणि सुमारे ७६ हजार गाड्या बनल्या.

९११च्या तीन पिढ्यांत फरक कसा पडला?

१९६३मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नवी गाडी आली, तेव्हा तिचे नाव ९०१ होते. प्यूजोने मधल्या शून्यावर आक्षेप घेतल्याने ते ९११ झाले. तिच्या पाच गिअरच्या रचनेत पहिला गिअर डावीकडे मागे होता. त्यामुळे दुसरा आणि तिसरा एका सरळ रेषेत येत. वेगात चालवताना हे सोयीचे, पण शहराच्या गर्दीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हात आडवा न्यावा लागे.

१९७२च्या मॉडेलमध्ये इंजिन २.४ लिटरचे झाले. वाढलेली ताकद पेलण्यासाठी ९१५ हा अधिक दणकट गिअरबॉक्स आला. पहिला आणि दुसरा आता एका रेषेत आले. मात्र, सिंक्रोनायझर जुन्याच तत्त्वावरचा होता. तेल थंड असताना दुसरा गिअर कुरकुर करे. त्यातच गिअरबॉक्स मागे, इंजिनला लागून. लिव्हरपासून तिथवर जाणाऱ्या लांब दांड्याचे बुश झिजले की लिव्हर ढिला लागे.

१९८७च्या मॉडेलपासून जी५० गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक क्लच आला. त्यात बोर्ग-वॉर्नर पद्धतीचे, शंकूच्या आकाराच्या कड्यांचे सिंक्रोनायझर होते. गिअर झटपट पडू लागले आणि घाई केली तरी पूर्वीसारखे अडेनात.

या निर्णयाचे महत्त्व काय?

१९७२मध्येच फेरी दैनंदिन कारभारातून बाजूला झाले होते. कुटुंबातील कोणीही व्यवस्थापनात राहायचे नाही, असे ठरले आणि कंपनीचे रूपांतर शेअर कंपनीत झाले. फेरी पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष म्हणून १९९०पर्यंत राहिले. म्हणजे कठीण काळात जन्मलेली आणि घराण्याचे नाव लावलेली रचना ९११मधून गेली, तेव्हा अध्यक्षपदी तेच होते.

२७ मार्च १९९८ रोजी ऑस्ट्रियातील त्सेल आम झे येथे वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या ९११मध्ये लिव्हर आणि गिअरबॉक्स यांमधला तो लांब दांडाही नव्हता. त्याची जागा केबलने घेतली होती.