रयतेचे अण्णा

‘रयत’ हा शब्द तुम्हांला अनोळखी वाटणार नाही. उर्दूत तुम्ही ‘रिआया’ म्हणता, त्याच घराण्यातला हा शब्द. अरबीतून तो आपल्याकडे आला आणि मराठीत इतका रुळला की खेड्यातला शेतकरी स्वतःला सहजपणे रयत म्हणू लागला. या शब्दाच्या नावाने महाराष्ट्रात एक मोठी शिक्षणसंस्था उभी आहे. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांची ही गोष्ट आहे. लोक त्यांना प्रेमाने ‘अण्णा’ म्हणत.

तुमच्या शाळेला भिंती आहेत, फळा आहे, शिक्षक आहेत. पण शाळा एवढ्यावरच चालते का? गावातल्या लोकांना ती आपली वाटली नाही, तर चांगली इमारतही ओस पडते. आणि लोकांना ती आपली वाटली, तर झाडाखालीसुद्धा वर्ग भरतो. ही गोष्ट अण्णांना फार लवकर उमगली होती. शाळा लोकांपर्यंत कशी न्यायची, लोकांना शाळेपर्यंत कसे आणायचे आणि आपल्यामागे हे काम करणारी माणसे कशी घडवायची, यातच त्यांचे सारे आयुष्य गेले.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. घराणे जैन, मूळ गाव सांगली जिल्ह्यातले ऐतवडे बुद्रुक. मुलगा अंगापिंडाने दणकट होता. कुस्तीची आणि पोहण्याची त्याला भारी आवड. पुस्तकात मात्र त्याचे मन फारसे रमत नसे. वडिलांनी त्याला कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घातले आणि त्याच्या राहण्याची सोय जैन वसतिगृहात केली.

कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी महाराजांनी वसतिगृहे काढली होती. ज्यांना लोक अस्पृश्य म्हणत, त्यांच्या मुलांसाठीही ‘मिस क्लार्क’ नावाचे वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले, की विटाळ झाला आहे, आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही. भाऊरावांनी आंघोळ करायचे नाकारले. माणसाजवळ बसल्याने माणूस बाटतो, हे त्यांना पटेना. शेवटी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे काही दिवस ते महाराजांच्या आश्रयाला राहिले. त्या काळातल्या एका शाळकरी मुलाच्या दृष्टीने हा हट्ट केवढा मोठा होता, याचा विचार करा. पुढचे सारे आयुष्य त्यांनी हाच हट्ट चालवला.

भाऊराव मॅट्रिकपर्यंत पोहोचले नाहीत. शाळा सुटली आणि पोटासाठी ते साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणू लागले. १९१४ साली कोल्हापुरात एका राजकीय पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात एका निरपराध माणसाविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. तुरुंगात त्यांचे फार हाल झाले, पण ते खोटे बोलले नाहीत.

त्यानंतर त्यांनी एक वेगळाच धंदा धरला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लोखंडी नांगर तयार होत. ते शेतकऱ्यांना विकण्यासाठी भाऊराव खेडोपाडी हिंडू लागले. हे काम सोपे नव्हते. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा समज होता. शेतकऱ्याच्या बांधावर जायचे, त्याची भाकरी त्याच्याबरोबर खायची, त्याच्याच बोलीत बोलायचे आणि हळूहळू त्याची शंका दूर करायची, असा हा उद्योग. मला तर वाटते, अण्णांचे खरे महाविद्यालय हेच. अनोळखी गावात जाऊन विश्वास कसा मिळवावा, हे ते इथे शिकले. आणि एक गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते न वाचता शेतकरी अंगठा उठवत होता. त्याच्या मुलाला शाळा नव्हती. जवळच्या शहरात शाळा असली, तरी तिथे राहायला जागा नव्हती आणि जेवायला अन्न नव्हते. नांगर विकता विकता भाऊराव गावकऱ्यांशी शिक्षणाविषयी बोलू लागले.

१९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी स्थापन केलेला हा समाज. तेथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. सुरुवात एका लहानशा वसतिगृहाने झाली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्याला आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले तेथे एकत्र राहत. एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. आज तुम्हांला यात विशेष काही वाटणार नाही. पण त्या काळात घरी परत गेल्यावर काही मुलांना याचा जाब द्यावा लागे.

आता प्रश्न असा, की इतक्या मुलांना खायला घालायचे कोठून? अण्णांजवळ पैसा नव्हता. मग ते लोकांकडेच गेले. खांद्यावर घोंगडी, अंगात खादी, हातात काठी आणि पुढे पुढे छातीवर रुळणारी पांढरी दाढी, असा हा उंच धिप्पाड माणूस गावोगाव पायी हिंडे. सुगीच्या दिवसांत तो शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन उभा राही. कोणी पायलीभर जोंधळा देई, कोणी गूळ, कोणी सरपण, कोणी मूठभर धान्य. अण्णा मूठभर दाणेही तितक्याच आदराने घेत. यात एक शहाणपण होते. ज्या म्हातारीने आपल्या घरातली मूठभर ज्वारी शाळेला दिली, ती म्हातारी त्या शाळेची मालकीण झाली. मग आपला नातू शाळेत जातो की नाही, हे ती स्वतःच पाहू लागली. श्रीमंताच्या मोठ्या देणगीने इमारत होते. पण गाव शाळेशी जोडले जाते ते अशा मुठीमुठीने.

देणाऱ्याला आपले दाणे कोठे गेले, हे दिसलेही पाहिजे. वसतिगृहातली मुले स्वतः शेती करत, पाणी भरत, दगडमाती वाहून इमारती बांधत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना म्हणतात ती हीच. गावकरी साताऱ्याला आले, की आपल्या गावचा मुलगा हातात कुदळ घेऊन उभा असलेला त्यांना दिसे, आणि संध्याकाळी तोच मुलगा कंदिलापाशी पुस्तक वाचत बसलेला दिसे. शाळेविषयी लोकांना सांगण्यासाठी अण्णांना निराळी जाहिरात करावी लागली नाही.

या कामाची खरी किंमत कोणी मोजली, हेही तुम्हांला सांगायला हवे. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई सुखवस्तू घरातून आल्या होत्या. सोवळेओवळे पाळण्याच्या वळणात त्या वाढल्या होत्या. पण वसतिगृहातल्या मुलांच्या त्या आई झाल्या. कोण कोणत्या जातीचा, हे विसरून त्यांनी सर्वांना जेवू घातले. पैसे संपले की त्यांचा एकेक दागिना जाई. एके दिवशी वसतिगृहात धान्याचा दाणा उरला नाही. अण्णा गावोगाव फिरत होते. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र विकायला दिले आणि मुलांची चूल पेटली. हिंदू किंवा जैन स्त्रीच्या दृष्टीने मंगळसूत्र म्हणजे नुसता दागिना नव्हे, तर ती सौभाग्याची खूण असते. ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. त्या माउलीला तेव्हा काय वाटले असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार पाहायला त्या राहिल्या नाहीत.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले. त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नाव देण्यात आले. सगळ्या जातींची मुले एकत्र जेवताना पाहून गांधीजींना फार आनंद झाला. जे काम आपल्या आश्रमातही जड गेले ते येथे साधले आहे, असे त्यांनी बोलून दाखवल्याचे सांगतात. पुढे त्यांनी हरिजन सेवक निधीतून संस्थेला दरवर्षी ५०० रुपये मिळण्याची व्यवस्था केली.

वसतिगृहे वाढली, पण खेड्यांत मुळातच शाळा नव्हत्या. शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत. शहरातला शिक्षक खेड्यात टिकत नसे. म्हणून अण्णांनी ठरवले, की खेड्यातलाच मुलगा शिक्षक करायचा. १९३५ साली त्यांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. तेथून तयार झालेले तरुण डोंगराळ, आडवळणी गावांत गेले. कोठे देवळात, कोठे चावडीत, कोठे गोठ्यात त्यांनी शाळा मांडल्या. अशा पाचशेहून अधिक शाळा संस्थेने चालवल्या. १९४२ साली स्त्रियांसाठीही जिजामाता अध्यापिका विद्यालय सुरू झाले.

शिक्षकांशी अण्णांचे नाते उस्ताद आणि शागीर्द यांच्यासारखे होते. ते रागीट होते, हे खरे. चूक दिसली की भर सभेत झाडत. त्यांच्या आवाजाने भलेभले गप्प होत. पण तोच माणूस रात्री आजारी मुलाच्या उशाशी बसून राही. कोणत्या मुलात काय गुण आहे, हे ते अचूक ओळखत. मुलगा हुशार असला आणि घरची परिस्थिती बेताची असली, तर त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी ते चार लोकांकडे जाऊन शब्द टाकत. त्या मुलाकडून त्यांची अपेक्षा एवढीच असे, की त्याने शिकून परत यावे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या मुलांना शिकवावे. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे असेच अण्णांच्या छायेत वाढलेले विद्यार्थी. ते विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. वकिलीत त्यांना भरपूर पैसा मिळाला असता. पण ते परत येऊन संस्थेत शिकवू लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. थोड्या पगारावर आयुष्यभर संस्थेचे काम करणारे असे अनेक आजीव सेवक अण्णांनी जोडले. त्यांच्यातले बरेचसे एकेकाळी त्याच वसतिगृहात भाकरी भाजत होते.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे शिक्षणाची आणि राहण्याची सोय विनामूल्य होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. या कॉलेजविषयी एक गोष्ट सांगतात. एक धनिक मोठी देणगी द्यायला तयार होता, पण कॉलेजला आपले नाव द्यावे अशी त्याची अट होती. पैशाची गरज तर फारच होती. तरी अण्णांनी नकार दिला. एक वेळ आपल्या बापाचे नाव बदलीन, पण शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही, असे त्यांनी त्याला ऐकवले म्हणे.

१९४८ साल संस्थेची कसोटी पाहणारे ठरले. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. दुःखात बुडालेल्या अण्णांनी गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प केला. त्याच वर्षी जाहीर भाषणांतून त्यांनी तेव्हाच्या मुंबई सरकारवर कडक टीका केली. सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शाळा, हजारो मुले, शिक्षकांचे पगार, आणि तिजोरी रिकामी! अण्णांनी थोडे नमते घ्यायला हवे होते, असे तेव्हा काही हितचिंतकांनाही वाटले. शिक्षकांच्या चुली विझल्या असत्या तर त्याची जबाबदारी कोणावर आली असती, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण आता त्या मूठमूठ धान्याचे फळ दिसले. खेड्यापाड्यांतून लोक पुढे आले. कोणी धान्य दिले, कोणी रोख पैसे दिले. शिक्षकांनी पगाराची वाट न पाहता शाळा चालू ठेवल्या. संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे संस्थेसाठी शब्द टाकला. शेवटी अनुदान पुन्हा सुरू झाले.

१९५४ साली संस्थेने कऱ्हाडला कॉलेज काढले, तेव्हा अण्णांनी त्याला गाडगे महाराजांचेच नाव दिले. ज्यांनी स्वतः शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्यांच्या नावाचे कॉलेज! १९५५ साली शिक्षकांना शिक्षणशास्त्राची पदवी देणारे कॉलेज साताऱ्यात निघाले. त्याला मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव मिळाले. मौलाना तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री होते. साताऱ्याला कधी गेलात, तर ‘आझाद कॉलेज’ कोठे आहे ते विचारा, कोणीही सांगेल.

म्हातारपणीही अण्णांचे हिंडणे थांबले नाही. १९५९ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. जो मुलगा मॅट्रिकपर्यंतही पोहोचला नव्हता, त्याच्या नावापुढे आता ‘डॉक्टर’ लागले. पण गावोगावच्या लोकांनी त्यांना त्याआधीच ‘कर्मवीर’ म्हणायला सुरुवात केली होती, आणि तेच नाव टिकले. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा संस्थेच्या शंभरावर माध्यमिक शाळा आणि तीन महाविद्यालये चालू होती. अण्णांची समाधी साताऱ्यात आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांच्या संस्थेला शंभर वर्षे पूर्ण झाली.