लिटनच्या स्वागताला एकट्या जोतीरावांचा विरोध

औरंगपुऱ्यात ज्यांचा पुतळा आहे, ते महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. निवडून आलेले नव्हे, सरकारनेच नेमलेले. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्चायचा ठराव आला. पैसा करदात्यांचा आहे, तो गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं जोतीरावांचं म्हणणं. सरकारच्या माणसाने सरकारच्याच बड्या साहेबाला आडवं जायचं, साधी गोष्ट नव्हती. विरोधात मत पडलं एकच, त्यांचं. ठराव पास झाला. दारूची दुकानं वाढली, तेव्हाही त्यांनी नगरपालिकेला लेखी कळवलं. मंडईच्या मोठ्या खर्चालाही विरोध केला. ती १८८६ मध्ये उभी राहिलीच. आज तिला नाव मात्र त्यांचंच आहे.