मधल्या पायरीवरच्या पार्वतीबाई

आमच्या भंडारा जिल्ह्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे रोवणीचे दिवस. पऱ्हे तयार झाले, पाणी आलं, की बाया पहाटे घरून निघतात आणि दिवसभर बांधीत वाकून उभ्या असतात. अशा दिवसांत बचत गटाच्या मीटिंगला कोण येणार? पण मी ज्या संस्थेचं काम बघते, तिच्या वरच्या मंडळींना दर महिन्याला मीटिंग हवी असते आणि रजिस्टरवर हजेरी हवी असते. मी घर सांभाळून हे काम करते. मानधन थोडं, जबाबदारी मोठी. माझ्याकडे बारा गट आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत वरून फोनवर फोन आले. रजिस्टर पाठवा, तपासणी आहे. मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते, तरी सांगते. झालीच नाही ती मीटिंग मी झाली म्हणून लिहिली. सगळ्यांना हजर दाखवलं, कर्जाचा एक ठरावही त्यात घातला आणि खाली माझी सही ठोकली. दिवाळीनंतर ते कर्ज थकलं. तेव्हा गटातल्या एका बाईनं सगळ्यांसमोर मला विचारलं, की बाई, त्या दिवशी तर मी भावाच्या गावी गुडघाभर चिखलात होते, मग माझ्या जागेवर कोण बसलं होतं जी? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. वरच्यांना मी खूश ठेवलं होतं, खालच्यांचा विश्वास मात्र गमावला होता.

घरी येऊन राजीनामा लिहिला. माझा भाचा नागपूरला एका कंपनीत आहे. तो हसून म्हणाला, की मावशी, यालाच मिडल मॅनेजर म्हणतात, दोन्हीकडून मार. म्हटलं, असेल बाबा. सासू आणि सुना यांच्या मधली मोठी सून पण तीच असते, तिला कोणी मॅनेजर म्हणत नाही एवढंच! राजीनामा पर्समध्येच राहिला. त्याच आठवड्यात वाचनालयातून आणलेल्या एका जुन्या पुस्तकात मला पार्वतीबाई आठवले भेटल्या. कॉलेजात बी.ए. करताना महर्षी कर्व्यांबद्दल वाचलं होतं, पण या बाईंचं नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. मोठ्या माणसाच्या संस्थेत मधल्या पायरीवर उभं राहून काम करणाऱ्यांचं असंच होतं.

पार्वतीबाई 1870 च्या, कोकणातल्या देवरुखच्या. माहेरचं नाव कृष्णा जोशी. त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी लग्न झालं, विसाव्या वर्षी वैधव्य आलं. पदरी लहान मुलगा. केस काढले गेले, लाल लुगडं अंगावर आलं. शिक्षण म्हणाल तर जवळजवळ नाहीच. त्यांची बहीण गोदूबाई हीसुद्धा बालविधवा. ती मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि 1893 मध्ये तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. विधवेचं दुसरं लग्न! कर्व्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. याच गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई, घरच्यांच्या बाया.

मुलाच्या शिक्षणासाठी पार्वतीबाई पुण्याला बहिणीकडे आल्या. पंचविशी उलटल्यावर स्वतः पाटी-पुस्तक हातात घेतलं. ज्या वयात आपण मुलांच्या शाळेच्या डब्याची काळजी करतो, त्या वयात त्या मुळाक्षरांपासून वर चढत गेल्या आणि शिक्षिका होण्याइतकं शिकल्या. कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला होता. 1900 मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याला गेला, एका झोपडीत. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि तिकडून हिंगण्याला पायी जायचे, सामानसुमान घेऊन. थोड्याच दिवसांत पार्वतीबाई या आश्रमाच्या कामात शिरल्या, त्या कायमच्याच.

आता त्यांची जागा बघा. वर कर्वे, म्हणजे मोठे ध्येयवादी आणि त्यातून सख्ख्या बहिणीचे यजमान. खाली आश्रमातल्या मुली, कोणी बारा वर्षांची, कोणी वीसची, प्रत्येकीचं दुःख वेगळं. बाहेर त्या मुलींचे बाप आणि भाऊ. यांना मुलगी शिकायला हवी होती, पण तिथं तिचं लग्न लावून देतील ही धास्तीही होती. आणि ज्यांच्याकडे वर्गणी मागायची ते लोक तर कर्व्यांचं नाव काढलं की दार लावून घ्यायचे. या चौघांच्या मधोमध पार्वतीबाई.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते एका गोष्टीनं. पुनर्विवाहाच्या बाबतीत त्यांचं मत कर्व्यांसारखं नव्हतं. स्वतःसाठी त्यांनी तो रस्ता घेतला नाही. बहिणीनं तो घेतला होता, मेहुण्यांनी त्यासाठी वाळीत पडणं सोसलं होतं, तरीही! आपल्यापैकी कितीजणी साहेबांसमोर असं वेगळं मत घेऊन उभ्या राहतील? आपण एक तर मान डोलावतो, नाहीतर पाठीमागे कुरकुर करतो. पार्वतीबाईंनी मत लपवलं नाही आणि आश्रमाच्या कामात अंगचोरपणाही केला नाही. कर्व्यांनीही शहाणपणानं नियम ठेवला होता, की आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, तिथं फक्त शिक्षण. हा नियम बाहेरच्यांना पटवायला पार्वतीबाईंइतकं योग्य माणूस दुसरं कोण असणार? मला वाटतं, केस काढलेली, जुन्या वळणाची ही बाई समोर आली की मुलींच्या बापांची निम्मी भीती तिथंच जात असेल. वरच्यांशी असलेला त्यांचा मतभेदच संस्थेच्या उपयोगी पडला.

मुलींची देखरेख आणि वर्गणी, ही दोन कामं त्यांच्याकडे आली. वर्गणीसाठी त्या गावोगाव हिंडल्या. सभेत उभं राहून बोलायचं, मग दारोदार जायचं, रुपया-दोन रुपये मिळतील ते घ्यायचे. अपमान तर रोजचाच. बचत गटाचं काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बँकेच्या बाकावर तीन तास बसवून उद्या या म्हणतात, तेव्हा काय वाटतं ते आपल्याला माहीत आहे. पण एक फरक जाणवला. मी बँकेतून परत येते ती चिडून, आणि तो राग गटातल्या बायांवर निघतो. पार्वतीबाईंना मात्र आश्रमातली मुलगी म्हणजे काय हे कोणी समजावून द्यावं लागलं नाही. आश्रमात येणारी मुलगी ज्या अवस्थेतून आली, तिच्यातून त्या स्वतः गेल्या होत्या. तिच्यासाठी हात पसरताना त्या स्वतःच्याच जुन्या दिवसांसाठी मागत असतील.

मग 1912 साली त्यांनी केशवपन बंद केलं. वीस वर्षांहून जास्त काळ अंगवळणी पडलेली गोष्ट. विचार करा, ज्या रूपामुळे जुन्या लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसत असेल, तेच त्यांनी सोडलं. लोकांनी नावं ठेवली. नवऱ्याची आठवण वागण्यात असावी, त्यासाठी डोकं भादरायची गरज नाही, असं त्यांना पटलं होतं. आणि एकदा पटल्यावर केवळ वर्गणी मिळते म्हणून ते रूप पुढे चालवणं त्यांना जमलं नाही. इथं मी पुस्तक खाली ठेवलं. मला माझी ती सही आठवली.

इंग्रजी येत नाही ही त्यांच्या मनातली मोठी खंत होती. पुण्यात शिकायचा प्रयत्न केला, पण आश्रमाच्या धबडग्यात जमेना. म्हणून 1918 मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या! हाती पैसा बेताचा. तिथं लोकांच्या घरी स्वयंपाकपाणी, भांडी-झाडलोट अशी घरकामं करून राहिल्या आणि इंग्रजी शिकल्या. इकडे ज्या बाईच्या हाताखाली आश्रमातल्या मुली होत्या, ती तिकडे परक्या घरात मोलकरीण झाली. आपल्याकडे गटाची अध्यक्ष झाली की बाई सतरंजी उचलत नाही, हे मी पाहिलेलं आहे. मी पण उचलत नव्हते, खरं सांगायचं तर.

1920 मध्ये त्या परत आल्या. त्याच वर्षी सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. आज त्याला आपण एस.एन.डी.टी. म्हणतो. हे वाचून मी थोडी थबकले. एका सहीत 15 लाख, आणि इकडे या बाईची वर्षानुवर्षांची रुपया-रुपयाची वणवण. पार्वतीबाईंना काय वाटलं असेल? मला तर वाईट वाटलं असतं. पण ती झोपडी वीस वर्षं तगली नसती तर 15 लाख द्यायला कोणी आलं असतं का, हाही प्रश्न आहेच. त्या पुढेही काम करत राहिल्या. 1928 मध्ये त्यांचं आत्मचरित्र माझी कहाणी निघालं, त्याचं इंग्रजी भाषांतर 1930 मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. 1955 मध्ये त्या गेल्या. कर्व्यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळालं, तेव्हा त्या नव्हत्या, आणि आनंदीबाईही नव्हत्या.

राजीनामा मी फाडला. आधी त्या गटात गेले, सतरंजी स्वतः अंथरली आणि मीटिंग खोटी लिहिली होती हे सगळ्यांसमोर कबूल केलं. कोणी काही बोललं नाही. ते गप्प राहणं जास्त लागलं. मग संस्थेच्या सचिवांकडे गेले. हात थरथरत होते. त्यांना सांगितलं, की रोवणीच्या दोन महिन्यांत दुपारची मीटिंग होऊ शकत नाही आणि यापुढे मी न झालेली मीटिंग लिहिणार नाही. ते नाराज झाले. तपासणीवाल्यांना काय सांगू म्हणाले. मी धानाच्या कामाचं महिन्यांप्रमाणे कोष्टक करून नेलं होतं, ते त्यांच्यापुढे ठेवलं. शेवटी एवढं ठरलं, की जुलैत एकच मीटिंग, तीही रात्री आठनंतर कोणाच्या तरी छपरीत, आणि ऑगस्टची सुट्टी.

परत येऊन बायांना दुसरी गोष्ट सांगावी लागली. मीटिंगला सूट मिळाली, कर्जाच्या हप्त्याला नाही. तेव्हा त्यांनी मला बोल बोल बोललं. मी ऐकून घेतलं आणि हप्ता कुठल्या तारखेला जमेल ते त्यांनाच ठरवायला लावलं. दोन गटांनी ठरवलं, एकानं अजून ठरवलेलं नाही.

गेल्या जुलैत पावसानं वीज गेली होती. छपरीत कंदील लावून बसलो. अठरापैकी सात जणी आल्या. रजिस्टरवर सातच नावं लिहिली. उरलेल्या अकरांच्या समोर रोवणी असं लिहिलं. ती चिखलात उभी असलेली बाई सातांत होती. तिनं रजिस्टर माझ्या हातून ओढून कंदिलाजवळ नेलं, एकेक नाव बोटानं मोजलं आणि मग सही केली.