डॉ. खानखोजे : बंदुकीकडून बियाण्याकडे

वर्धा नदी ही आपल्या जिल्ह्याची शीव. नदीपलीकडच्या वर्धा गावात वाढलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे क्रांतिकारक म्हणून बऱ्याच जणांना ठाऊक असतात. गदर चळवळ, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी दिलेली झुंज, हे पुस्तकांत येते. पण हा माणूस हाडाचा शेतीशास्त्रज्ञ होता, ते फारसे कोणी सांगत नाही. शेतकरी बंधूंच्या उपयोगाची बाजू मात्र तीच आहे.

इंग्रजांविरुद्ध लढा उभारायचा म्हणून ऐन विशीत हा पोरगा जपानमार्गे अमेरिकेत गेला. तिथे लष्करी शिक्षण घेतलेच, सोबत ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयातही नाव घातले. १९१३ साली वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढे युद्ध, बर्लिन, मॉस्को असे फिरत १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले. चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. शिकवायचे स्पॅनिशमध्ये!

मेक्सिको म्हणजे मक्याचे माहेर. तिथे शेताच्या धुऱ्यावर तेओसिंते नावाचे मक्याचे रानटी भावंड उगवते. त्याला फुटवे भरपूर, कणसेही पुष्कळ, पण कणसात दाणे जेमतेम पाच-दहा, तेही टणक कवचात. खानखोजेंनी त्याचा मक्याशी संकर केला. मक्यात हे काम कसे चालते पाहा. नर तुरा शेंड्यावर असतो, मादी कणीस बगलेत. कणसाचे केस बाहेर पडायच्या आतच त्यावर पिशवी चढवायची, म्हणजे वाऱ्यावरचे भलते पराग बसत नाहीत. मग हव्या त्या झाडाचे पराग आणून टाकायचे अन् कोणत्या झाडाला कोणते दिले ते लिहून ठेवायचे. चिठ्ठी हरवली की हंगाम गेला. दोन शुद्ध वाणांचा संकर असला तर पहिल्या पिढीत झाडे एकसारखी निघतात, दुसऱ्या पिढीत आजा-पणजाचे गुण सुटे होऊन बाहेर पडतात. संकरित कपाशीची घरची सरकी लावली की तासात एक झाड गुडघ्याएवढे अन् एक छातीएवढे निघते, ते यामुळेच. त्या भेसळीतून नेमके झाड निवडायचे, पुन्हा पेरायचे, अशा कित्येक पिढ्या जातात. या खटपटीतून आलेला त्यांचा तेओ-मका गाजला. टीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी मक्यासह त्यांचे फोटो काढले, चित्रकार दिएगो रिवेरांनी त्यांना भिंतीवर रंगवले.

पण वाण खरेच चांगले, हे ठरवायचे कसे? इथे आपले बहुतेक लोक फसतात. वावराच्या एका अंगाला काळी, दुसऱ्या अंगाला बरड. नवे वाण काळीत अन् जुने बरडीत पेरले, तर जिंकली ती जमीन, वाण नव्हे. दोन्ही वाणांचे पट्टे शेजारी-शेजारी हवेत. पेरणी एकाच दिवशी, खत तेवढेच, डवरण तेवढेच, फरक फक्त बियाण्याचा. असे जोडपट्टे वावरात तीन-चार ठिकाणी टाकायचे, धुऱ्यालगतचे तास सोडायचे अन् उतारा काट्यावर मोजायचा. दुकानदार काय म्हणतो किंवा शेजाऱ्याला किती पिकले, ते नंतर ऐकावे. नवे वाण हरले तरी तो प्रयोग वाया गेला असे होत नाही, पुढल्या वर्षीचा बियाण्याचा पैसा वाचतो.

खानखोजेंनी आपली विद्या विद्यालयाच्या कुंपणात ठेवली नाही. मेक्सिकोतल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोकळ्या कृषी शाळा काढल्या. मायदेशी मात्र त्यांना यायची सोय नव्हती. इंग्रज गेले तरी काळ्या यादीतले नाव तसेच राहिले होते. अखेर मध्य प्रांत सरकारच्या बोलावण्यावरून १९४९ साली ते शेतीविषयक सल्ल्यासाठी आले आणि पुढे नागपुरात स्थायिक झाले. उमेदीची वर्षे परदेशी मातीत गेली होती. तरी भारतातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ साली आली तेव्हा ते हयात होते. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरातच त्यांचे निधन झाले.