खिडकीजवळचं छोटं टेबल

बी.ए.ला असताना जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ परीक्षेपुरती वाचली होती. पाच मुलींच्या लग्नाचा घोर लावून घेणारी त्यातली आई तेव्हा विनोदी वाटली. संसारात वीस वर्षं गेल्यावर पुन्हा वाचली आणि तिची भीती कळली. नवऱ्यामागे राहतं घर दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार होतं!

जेनने ही भीती स्वतः सोसली होती. १६ डिसेंबर १७७५ रोजी इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या स्टीव्हन्टन खेड्यात ती जन्मली. वडील तिथले रेक्टर, म्हणजे त्या गावच्या चर्चचे धर्मगुरू. पगार बेताचा, मुलं आठ. म्हणून ते शेती करत, घरी मुलं ठेवून शिकवत. याच घरात जेन लिहू लागली. पण घर चर्चचं! १८०१ मध्ये वडील निवृत्त झाले, काम आणि घर थोरल्या भावाकडे गेलं. १८०५ मध्ये वडीलही गेले. आई आणि दोन अविवाहित बहिणी भावांच्या मदतीवर आल्या. कधी भाड्याची जागा, कधी भावाचं घर. या वर्षांत जेनच्या हातून फारसं लिखाण झालं नाही.

१८०९ मध्ये श्रीमंत नातेवाइकांना दत्तक गेलेल्या एडवर्ड या भावाने चॉटन गावातलं आपलं एक घर त्यांना दिलं. तिथे आई, बहीण कॅसँड्रा, मैत्रीण मार्था आणि जेन अशा चौघी राहिल्या. जेनकडे सकाळच्या न्याहारीचं काम. बाकी घर बहीण आणि मार्था बघायच्या. खिडकीजवळच्या छोट्याशा टेबलावर ती लिहायची. खेड्यातली तीन-चार घरं कादंबरीला पुरेशी आहेत, असं तिचं मत होतं.

१८११ मध्ये पहिली कादंबरी छापली गेली, तीही नावाशिवाय. लेखक म्हणून फक्त ‘एक स्त्री’! १८१५ पर्यंत चार कादंबऱ्या आल्या. १८ जुलै १८१७ रोजी, अवघ्या ४१व्या वर्षी ती गेली. विंचेस्टरच्या कॅथेड्रलमधल्या तिच्या थडग्यावर गुणांचं कौतुक आहे, पुस्तकांचा उल्लेख मात्र नाही. तो सांगणारी पितळी पाटी १८७२ मध्ये लागली.

मला मात्र कॅसँड्रा आणि मार्था आठवत राहतात. त्यांनी घर सांभाळलं, म्हणून जेनला सकाळ मिळाली. माझी धाकटी जाऊ यंदा एम.ए.ला बसतेय. तिच्या वाटचे सकाळचे डबे सध्या मी करते.