हाफकिनची सुई आणि भायखळ्याचे कैदी

10 मार्च 1897 रोजी क्रांतीज्योती सावित्रीमाई पुण्यात प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगग्रस्त पोर पाठीवर घेऊन त्यांनी डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले होते, हे आमच्या घराघरांत ठाऊक आहे. पण त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार झाली होती. ती कोणाच्या दंडावर पारखली गेली, हे मात्र आमच्यात फारसे बोलले जात नाही.

लस करणारे वाल्देमार हाफकिन. 1860 साली ओडेसात जन्मले. ज्यू म्हणून झारच्या रशियात त्यांना प्राध्यापकी नाकारली गेली. जन्मावरून दार बंद होणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावायला नको. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी 1892 मध्ये पटकीची लस केली आणि आधी स्वतःला टोचली. पुढच्या वर्षी ते भारतात आले. 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लसही पहिल्यांदा त्यांनी स्वतःच घेतली. माणूस मोठा, यात शंका नाही.

त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली, उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली. घेतलेल्यांत रोग कमी, मृत्यूही कमी. कैदी स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. निम्म्यांनी घेतली नाही, म्हणजे नकाराला थोडी जागा होती, हेही आम्ही मान्य करतो. पण बाहेरून कुलूप, आत प्लेग आणि समोर सरकारी डॉक्टर असताना स्वेच्छा ती किती? हाफकिनच्या दंडाला आणि कैद्याच्या दंडाला एकाच मापाने मोजायचे काय?

1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन निलंबित झाले, 1907 मध्ये निर्दोष ठरले. 1925 मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. 1930 मध्ये ते लोझानला वारले. भायखळ्याच्या त्या कैद्यांची नावे कोणत्या भिंतीवर आहेत?

हा विषय जुना झालेला नाही. 2009-10 मध्ये आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस दिली गेली, तेव्हा पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. आता पुणे लसींचे शहर आहे. 26 ऑगस्ट 2020 रोजी कोविशिल्डची चाचणी इथेच सुरू झाली. 2019 च्या नियमांत माहिती देऊन घेतलेली संमती आणि इजा झाल्यास भरपाई आहे. आमचे म्हणणे एवढेच : वस्तीत कोणी चाचणीचा कागद घेऊन आले, तर तो आधी मराठीत मोठ्याने वाचून घ्या, त्याची प्रत घरी ठेवा आणि सही दुसऱ्या दिवशी करा.