कराची ते जुहू

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. १९२९ साली हिंदुस्थानात दिलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांस मिळाला. पुढील वर्षी आगाखानांच्या पारितोषिकासाठी ते कराचीहून लंडनकडे निघाले असता इजिप्तमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर अडकून पडलेले आढळले. टाटांनी आपल्याजवळचा स्पार्क प्लग त्यांस दिला. पारितोषिक इंजिनियरांनी जिंकले!

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी विलायती टपालाच्या थैल्या घेऊन टाटा सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून उडाले. विमानास एकच एंजिन, बिनतारी यंत्र मुळीच नाही, वेग तासास सुमारे शंभर मैल. वाटेत अहमदाबादेस उतरून पेट्रोल घ्यावयाचे, आणि तेही बैलगाडीतून आलेले! असे सुमारे ६४० मैल अंतर तोडून दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूच्या मैदानावर उतरले. पावसाळ्यात त्या मैदानाचा चिखल होई, तेव्हा विमान पुण्यास न्यावे लागे. बालवाचकहो, फाळणीनंतर कराची सोडून कोणी आगबोटीने, कोणी आगगाडीने कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात आले. त्या घरांतील वडीलधाऱ्यांस या अंतराची कल्पना निराळी देणे नको.

१९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी तोच मार्ग पुन्हा एकट्याने आक्रमिला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी ते जिनिव्हा येथे निवर्तले. त्यांचे दफन पॅरिस येथे झाले.